काटेसाहेबांचे चोवीस मासे

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापं खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. त्या काळात त्यांच्या नजरेनं तराजूचा काटा आधी आणि दुकानदाराचं काळीज नंतर हलायचं, त्यातून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीवर होतं, आणि तिथलीही दोन अक्षरं पडली होती.

निवृत्तीनं माणसाची नोकरी जाते, नजर जात नाही. काटेसाहेब पालकाची जुडी घरी आणली की ती आधी तशीच तोलत, मग झटकून तोलत, मग पंच्यात गुंडाळून, पाणी टिपून पुन्हा तोलत. पिळून मात्र कधी तोलली नाही. पिळणं म्हणजे पुराव्याशी खेळ झाला असता. एका दुपारी या तिहेरी तपासणीत त्यांना पाव किलोच्या जुडीत साठ ग्रॅम पाणी, वीस ग्रॅम चिखल आणि एक खडा सापडला. खडा त्यांनी पाकिटात घातला, पाकिटावर तारीख टाकली आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "आजपासून भाजी घरी पिकवायची."

"कशात?" बायकोनं विचारलं. ती वाचनालयात कामाला होती आणि कमी शब्दांत प्रश्न विचारण्याची तिला सवय होती.

"गॅलरीत."

"माती वर आणायची नाही. गॅलरी मी पुसते."

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण त्याच संध्याकाळी मेव्हणा आला. दर तीन महिन्यांनी या मेव्हण्याला एक नवीन वेड लागायचं, आणि ते वेड त्याला उतरायचं ते दुसऱ्या कोणाला तरी चढवूनच.

"मातीच लागत नाही, भावोजी!" तो म्हणाला. "खाली टबात मासे, वर वाफ्यात भाजी. मासे पाण्यात घाण करतात. पंप ते पाणी वर चढवतो. ती घाण म्हणजे भाजीचं खत. भाजी खत खाते, पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे. माती नाही, तण नाही, खुरपणं नाही. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात."

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. "आणि यात फसतं कोण?"

"कोणीच नाही."

"असं नसतं. माशाची घाण भाजीला सरळ चालते?"

"सरळ नाही. मध्ये जिवाणू असतात. ते तिचं खत करून देतात."

"कुठं असतात?"

"पाण्यातच. दिसत नाहीत."

"म्हणजे मध्ये दलाल आहे," काटेसाहेब बायकोकडे वळून म्हणाले, "आणि तो दिसत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

पण गडी आतून हलला होता. जिथं कोणीच कोणाला फसवत नाही असा व्यवहार त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. तो घरात आणून, त्याच्यावर रोज नजर ठेवून, त्यातली लबाडी पकडल्याशिवाय त्यांना झोप येणार नव्हती.

पंधरा दिवसांत गॅलरीत तीनशे लिटरचा निळा टब आला. त्याच्यावर लोखंडी घोडीवर भाजलेल्या मातीच्या गोळ्यांनी भरलेला वाफा चढला. वाफ्यात टोमॅटो, काकडी, साधा पालक आणि लाल देठांचा पालक लागला. पाणी मुरायला महिनाभर जाऊ दिला, म्हणजे ते न दिसणारे दलाल कामावर रुजू झाले, आणि मग टबात बोटभर लांबीचे चोवीस मासे सोडले.

त्यातच एक दिवस मेव्हण्यानं ओल्या कागदात गुंडाळलेला एक गाठाळ कंद आणला. दिसायला तो एखाद्या म्हाताऱ्या गुडघ्यासारखा होता.

"रूबार्ब," तो म्हणाला. "ह्याचे लाल देठ साखर घालून शिजवायचे. आंबट, पण काय चव! पानं मात्र विषारी. पानं अजिबात खायची नाहीत."

"एकाच झाडाचा अर्धा भाग अन्न आणि अर्धा गुन्हा?"

"तसंच. म्हणून ही पाटी." मेव्हण्यानं लाल शाईनं 'सावधान! पानं विषारी' असं लिहून, खाली एक कवटी काढून पाटी कंदाशेजारी रोवली. कवटी जरा हसरी आली होती. बायको त्या दिवशी वाचनालयात होती. ती घरी असती तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं.

जाता जाता मेव्हण्यानं टबाच्या काठाजवळ एक भोक पाडून त्यात अंगठ्याहून जाड पाइप बसवला. पाणी जास्त झालं तर या पाइपानं कठड्याबाहेर जायचं. पाइपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी होती आणि दुसरं टोक भिंतीवरच्या सांडपाण्याच्या नळाला जोडायचं होतं, पण पाइप हातभर कमी पडला. "पुढच्या आठवड्यात जोडतो," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याला मधमाश्यांचं वेड लागलं.

त्यानंतर काटेसाहेबांनी व्यवस्थेत दोन सुधारणा केल्या. एक, ती जाळी काढून टाकली. ज्या वस्तूचा उपयोग दुकानदार तीनतीनदा समजावतो ती वस्तू गिऱ्हाइकाला नको असते, हा त्यांचा अनुभव होता. दोन, टबात मापानं मोजून तीनशे लिटरच्या पातळीवर पट्टीनं तांबडी रेघ मारली. पाइपाचं भोक या रेघेच्या दोन बोटं खाली होतं. ही बाब त्यांच्या लक्षात आली नाही, कारण ते रेघेकडे बघत होते.

मग सेक्रेटरीबाई आल्या. इमारतीच्या सेक्रेटरीबाईंकडे सगळ्या गोष्टींसाठी छापील फॉर्म होते, आणि ज्या गोष्टीला फॉर्म नाही ती गोष्ट इमारतीत घडत नाही असं त्या मानत.

"शेतीला परवानगी नाही," त्या टबाभोवती फिरत म्हणाल्या. "पण शेतीचा फॉर्मही नाही, त्यामुळे मला नाकारताही येत नाही. मासे मात्र पाळीव प्राण्यांत बसतात."

"मग द्या तो फॉर्म."

"प्रत्येक प्राण्याला एक."

काटेसाहेबांनी चोवीस फॉर्म भरले. 'प्राण्याचे नाव' या रकान्यात क्रमांक एक ते क्रमांक चोवीस. 'भुंकतो का' या रकान्यात चोवीसदा 'नाही'. 'लस टोचल्याचा दाखला' या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि शेवटी 'प्राणी हाती लागत नाही' असं लिहिलं. स्वतः खात्यात असताना त्यांनी लोकांकडून असलेच फॉर्म भरून घेतले होते, पण टेबलाच्या या बाजूनं त्यांची चव वेगळी लागते हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यानंतर रोज सकाळी सहाला त्यांनी मोजणी सुरू केली. हातात वही, कानावर पेन्सिल. पोहणारे मासे मोजणं म्हणजे बाजाराच्या दिवशी गर्दीतली माणसं मोजणं. कधी सव्वीस भरत, कधी एकवीस. पण तीनदा मोजून सरासरी काढायची, ही खात्याची पद्धत होती. पहिले नऊ दिवस सरासरी चोवीस आली.

दहाव्या दिवशी तेवीस आली.

तेराव्या दिवशी बावीस. मेलेला मासा वर तरंगत नव्हता, खाली पडला नव्हता. आणि आणखी एक गोष्ट. रोज सकाळी ते मापानं पाणी ओतत, दहा लिटर, कधी पंधरा, तरी पातळी तांबड्या रेघेला शिवत नव्हती. कायम दोन बोटं खाली.

"पाणीही चोरीला जातंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

"मासे कोणी चोरेल. पाणी कोण चोरेल?"

"तेच शोधायचं आहे."

त्यांनी एक नवी वही उघडली. पहिल्या पानावर संशयितांची यादी केली. संशयित क्रमांक एक, खालचे मास्तर. क्रमांक दोन, मेव्हणा. क्रमांक तीन, सेक्रेटरीबाई, कारण मासे कमी झाले की त्यांचे फॉर्म कमी होत होते. क्रमांक चारपाशी त्यांची पेन्सिल घुटमळली. पण निरीक्षकानं घरचं-दारचं बघायचं नसतं. क्रमांक चार, पत्नी. घरातल्या दोन माणसांपैकी गॅलरीची किल्ली दोघांकडे होती आणि त्यातला एक ते स्वतः होते.

खालचे मास्तर पहिल्या नंबरावर असण्याला कारण होतं. तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला हा एकटा, सरळ, शांत माणूस. वीस वर्षांचा शेजार, दर रविवारी दोघांचा बुद्धिबळाचा डाव. पण हल्ली मास्तर एकसारखे वर यायला लागले होते.

"काटेसाहेब, जरा एक सांगायचं होतं," पहिल्यांदा ते दारातच म्हणाले. "तुमच्या त्या टबाचं—"

"टबाचं तुम्हाला कसं कळलं?" काटेसाहेबांनी विचारलं.

"अहो, मीच वर चढवायला हात लावला होता."

"बरं. तुम्ही आज सकाळी सहा ते सात कुठं होता?"

मास्तरांनी डोळे मिचकावले. "झोपलो होतो."

"साक्षीदार?"

मास्तर गेले. चार दिवसांनी पुन्हा आले, या वेळी जरा आवाज चढवून. "तुम्ही आधी माझं ऐकून घ्या. माझ्या गॅलरीत—" पण काटेसाहेब त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. खिसा ओला होता. काटेसाहेबांनी खिसा रिकामा करून दाखवायला सांगितलं. निघाला तो चष्म्याचा रुमाल. मास्तरांनी रुमाल घडी करून परत खिशात ठेवला, वळले आणि जिना उतरून गेले. त्या रविवारी पट मांडला गेला नाही.

आणि मग काटेसाहेबांना पुरावा मिळाला. बाजारात, पाळीव प्राण्यांच्या दुकानात, त्यांनी मास्तरांना माशांच्या खाद्याचं पाकीट विकत घेताना पाहिलं. मास्तरांकडे मासे नव्हते. म्हणजे ज्या माणसाकडे मासे नाहीत तो खाद्य घेतो, आणि ज्याच्याकडे खाद्य आहे त्याचे मासे जातात. दोन आणि दोन चार. घरी येऊन त्यांनी सेक्रेटरीबाईंकडे लेखी तक्रार दिली. 'खाली राहणारे गृहस्थ यांजवर मत्स्यचोरीचा प्रबळ संशय असून' अशी तिची सुरुवात होती. सेक्रेटरीबाईंनी ती दोन प्रतींत मागितली.

एवढ्यावर भागलं नाही. भाजी तयार व्हायला लागली तसा पालकही कमी व्हायला लागला. आज चार पानं, उद्या सहा. देठ सुरीनं स्वच्छ कापलेले. किडे सुरी वापरत नाहीत.

लाल देठांचा पालक तर त्यांचा जीव की प्राण होता. रुंद, चकचकीत पानं, माणकासारखे देठ. चोराची नजर उद्या त्याच्यावर पडणार हे उघड होतं. एका सकाळी त्यांना युक्ती सुचली. त्यांनी रूबार्बाशेजारची ती कवटीवाली पाटी उपटली आणि वीतभर पलीकडे, लाल पालकात रोवली. 'सावधान! पानं विषारी.' आता लाव म्हणावं हात. रूबार्बाची त्यांना काळजी नव्हती. त्याची पानं ताटाएवढी झाली होती खरी, आणि देठही लालच होते, पण विषारी झाड चोरणार कोण?

खोटं लेबल लावल्याबद्दल या माणसानं आयुष्यात शेकडो खटले भरले होते. पण स्वतःच्या हातातली वस्तू माणूस दुसऱ्याच तराजूत तोलतो. ही युक्ती त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. संशयित क्रमांक चार.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी सकाळी बायको वाचनालयात गेल्यावर काटेसाहेब गॅलरीत आले आणि थबकले. लाल पालक जागच्या जागी होता. रूबार्बाचे मात्र पाच देठ पानांसकट मुळापासून कापून नेलेले.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. गळाला मासा लागला होता. चोर पाटीला भ्याला आणि शेजारचं झाड घेऊन गेला. घे आता, म्हणावं, खा पोटभर. ते वहीत तशी नोंद करायला बसले. तारीख घातली, वेळ घातली, 'चोरीस गेलेला माल' असं लिहिलं. आणि 'मालाचे वर्णन' या रकान्यात त्यांच्या पेन्सिलीनं आपण होऊन 'विषारी' असा शब्द लिहिला.

तो शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग वही मिटली. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, गॅलरीतून काही नेलंस का?"

"हो. मास्तरांना भाजी दिली जाता जाता," ती म्हणाली. वाचनालयात असल्यामुळे ती कुजबुजत होती. "गेले तीन आठवडे देतेय. तुम्ही त्यांचा खिसा तपासलात, मला लाज वाटली. कोणीतरी काहीतरी भरपाई करायला नको?"

"कुठली भाजी दिलीस?"

"लाल देठांची मोठी पानं. तुमच्या विषारी पाटीला हात लावलेला नाही, काळजी करू नका. तिच्या शेजारची घेतली."

काटेसाहेब फोन कानाला धरून पायानं चप्पल शोधू लागले. "ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं, आज भाजीच नव्हती, लगेच शिजवतो. का हो? अहो? ऐकताय का?"

काटेसाहेब ऐकत नव्हते. एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात काहीच नाही असे ते जिन्यात होते. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. मास्तर अकराला जेवत. वीस वर्षं, घड्याळ लावावं असे अकराला.

अर्ध्या जिन्यात सेक्रेटरीबाई कागदांची चळत घेऊन वर येत होत्या. त्यांनी वाट अडवली.

"बरे भेटलात. तुमच्या तक्रारीची दुसरी प्रत वाचता येत नाही. आणि तुमचे सात मासे कमी झालेत ना, त्यांचे सात 'प्राणी मयत' फॉर्म—"

"बाई, बाजूला व्हा! मास्तरांनी विष खाल्लंय!"

सेक्रेटरीबाईंचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या घरून गेलंय!"

बाई भिंतीला टेकल्या. त्यांच्या हातात, सगळ्यात वर, याच गृहस्थांनी याच मास्तरांविरुद्ध सहीनिशी दिलेली तक्रार होती. त्यांनी ती तक्रार बघितली, मग काटेसाहेबांचा एक अनवाणी पाय बघितला, मग चेहरा बघितला. ही नजर काटेसाहेब चांगली ओळखत होते. एकतीस वर्षं ती त्यांनी दुसऱ्यांवर वापरली होती. आपल्यावर पडली की ती मानेमागे गार लागते.

"मी साक्षीला येते," सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि कागद छातीशी धरून त्यांच्या मागे उतरल्या.

काटेसाहेबांनी दार ठोठावलं. आतून उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं. "मास्तर! अहो मास्तर! तोंडातलं थुंका!" आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. काटेसाहेबांना वीस वर्षांचे रविवार आठवले. मास्तर हरले की सोंगट्या स्वतः उचलून डब्यात ठेवत, आणि जिंकले तरी स्वतःच उचलत. त्यांनी कपाळ दाराला टेकलं. "मास्तर, पाटी मी बदलली हो. दोष माझा आहे. उघडा."

दार उघडलं. मास्तर उभे होते, हातात चमचा, अंगात स्वयंपाकाचा एप्रन, एका कानातून श्रवणयंत्र लोंबत होतं.

"काय झालं?" त्यांनी यंत्र कानात बसवत विचारलं. "शिजवताना काढून ठेवतो. वाफेनं खराब होतं."

"पानं!" काटेसाहेब ओरडले. "पानं खाल्लीत?"

मास्तरांनी त्यांच्याकडे, मग मागच्या सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन आत यायची खूण केली. ओट्यावर पाच मोठी पानं नीट एकावर एक रचून, वर वजन ठेवून बाजूला ठेवली होती. चुलीवरच्या पातेल्यात गुलाबी काहीतरी रटरटत होतं.

"रूबार्बाच्या पानांत ऑक्झॅलिक आम्ल असतं," मास्तर म्हणाले. "तेहतीस वर्षं मी ते मुलांना फळ्यावर लिहून दिलंय. वहिनींनी पिशवी दिली तेव्हाच पानं ओळखली. मला वाटलं, काटेसाहेबांनी मुद्दामच पाठवलीत."

"मुद्दाम?"

"तुमची तक्रार सेक्रेटरीबाईंनी मलाही दाखवली होती. तुम्ही माझ्यावर संशय घेता, मग मीही म्हटलं, आपणही एकदा घेऊन बघावा. त्यातच आज जेवायची वेळ टळली."

काटेसाहेब खुर्चीवर बसले. सेक्रेटरीबाईंनी कोणी मेलेलं नाही याची दोन्ही खोल्यांत खात्री करून घेतली, आणि गॅलरीत डोकावल्यावर तिथूनच हाक मारली, "हे मासे कोणाचे? यांचे फॉर्म नाहीत माझ्याकडे!"

मास्तरांची गॅलरी वरच्या गॅलरीपेक्षा हातभर पुढं आलेली होती. तिच्या कठड्याशी कपडे धुवायचा मोठा टब मांडला होता. टबावर, वरच्या मजल्यावरून, एक हातभर कमी पडलेला पाइप वाकून थेंब थेंब गळत होता. टबात सात मासे फिरत होते. वरच्यांपेक्षा दीडपट मोठे.

"पहिला माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर पडला," मास्तर म्हणाले. "तो हातात धरूनच वर आलो असतो, पण तो तडफडत होता, म्हणून आधी पाण्यात सोडला आणि मग सांगायला आलो. तुम्ही साक्षीदार मागितलात. दुसऱ्यांदा आलो तर खिसा. मग मीही ठरवलं, आता बोलायचं नाही. तुम्ही रोज सकाळी सहाला पाणी ओतता, इकडं सव्वासहाला धार सुरू होते. कधी नुसती धार, कधी मासा. मी टब ठेवला, खाद्य आणलं. आणखी काय करणार?"

"हिला माहीत होतं?"

"वहिनींना? पहिल्यांदा भाजी घेऊन आल्या तेव्हापासून. त्या सांगणारच होत्या. पण वहीत त्यांचा नंबर चौथा लागल्याचं त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, संशयितानं कशाला बोलायचं?"

काटेसाहेबांनी मान वर करून पाइपाकडे पाहिलं, मग मनात तांबडी रेघ आणली, मग दोन बोटं. एवढं सोपं माप, आणि मापाचा माणूस चुकला होता. पंधरा लिटर रोज. सात मासे. वीस वर्षांचा शेजार. हे सगळं त्या दोन बोटांतून वाहून गेलं होतं आणि खाली या माणसानं टब धरला होता.

सेक्रेटरीबाईंनी घसा साफ केला. मासे मयत नसून स्थलांतरित आहेत, तेव्हा फॉर्म कुठला, हे त्यांना बघावं लागणार होतं. तक्रार मागं घ्यायला फॉर्मच नव्हता, कारण या इमारतीत आजवर कोणी तक्रार मागं घेतली नव्हती. काटेसाहेबांनी त्यांच्या हातातून तक्रारीच्या दोन्ही प्रती घेतल्या, चार चार तुकडे केले आणि मास्तरांच्या केराच्या डब्यात टाकले. बाई जरा वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग हे मी पाहिलेलं नाही असं म्हणून निघून गेल्या.

दोघेच उरले. काटेसाहेबांना काहीतरी म्हणायचं होतं. खात्यात असताना चूक झाली की 'नोंदीत दुरुस्ती करण्यात येत आहे' असं लिहायचं असतं, तेवढंच वाक्य त्यांना येत होतं. ते त्यांनी दोनदा जुळवलं आणि दोन्ही वेळा गिळलं.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "मी चुकलो. फार चुकलो."

मास्तरांनी पातेलं उतरवलं, एका वाटीत ते गुलाबी, देठांचे धागे सुटलेलं शिजवण वाढलं आणि चमच्यासकट काटेसाहेबांच्या पुढ्यात ठेवलं. स्वतःला घेतलं नाही. समोर उभे राहिले, एप्रनला हात पुसत.

काटेसाहेबांनी वाटीकडे पाहिलं. वास अनोळखी होता. ओट्यावर पाच पानं होती, पण त्यांतला एखादा तुकडा पातेल्यात गेला नसेल कशावरून? वाढणाऱ्या माणसावर त्यांनी चोरीचा आळ घेतला होता, खिसे तपासले होते, सही करून तक्रार दिली होती. तुम्ही आधी खा, असं म्हणायची खात्याची सवय जिभेवर आली होती, ती त्यांनी मागं सारली. त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला.

डोळ्यांतून पाणी आलं.

"आंबट आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे," काटेसाहेब म्हणाले. आणि वाटी चाटूनपुसून संपवली. आंबट होतं, पण काहीतरी होतं त्यात. त्यांनी वाटी पुढं केली. "अजून असेल तर..."

मास्तरांनी वाटी घेतली नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग काटेसाहेबांकडे, अगदी गंभीरपणे.

"लगेच दुसरी? पहिलीनं काय होतंय ते तरी बघा आधी."

काटेसाहेबांचा हात वाटीसकट हवेतच राहिला. मास्तरांचा चेहरा हलत नव्हता. बुद्धिबळात शह देताना तो कधीच हलायचा नाही. मग डाव्या मिशीचं टोक थरथरलं, खांदे हलायला लागले, आणि रसायनशास्त्राचा तो माणूस ओट्याला धरून इतका हसला की श्रवणयंत्र पुन्हा कानातून निसटलं.

काटेसाहेब स्वतः उठले, पातेल्यातून दुसरी वाटी भरून घेतली आणि मास्तरांसाठी एक भरली.